हात तोच, मग नग कमी का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेची बरीचशी पत्रं एकाच प्रकारच्या माणसांबद्दल आहेत. कोणी ड्रिलवर आहे, कोणी शिलाई मशिनवर, कोणी पॅकिंगच्या टेबलावर, कोणी जोडणीच्या लाइनवर. ही कामं नुसती हमाली नव्हेत आणि पूर्ण कारागिरीही नव्हे. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत हाताला बसतात; पण शिकल्याशिवाय जमत नाहीत. यांनाच अर्धकुशल म्हणतात. मालक आणि सुपरवायझर यांच्या पत्रांत ‘लक्ष नाही’, ‘मन नाही’ हे शब्द वारंवार आले आहेत. ते निदान आम्हाला घाईचं वाटतं. का, ते पहिल्याच उत्तरात सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं मूळही तिथंच आहे.

प्रश्न : आमच्याकडे एकसारख्या दोन ड्रिल मशिनवर दोघं जण तोच ब्रॅकेट करतात. एकाचे पाळीला २४० नग निघतात, दुसऱ्याचे १५०, आणि त्यातही पाच-सात रिजेक्ट. दोघं सारखेच जुने. दुसऱ्याला काढून नवा माणूस घ्यावा का?
— वर्कशॉप सुपरवायझर

उत्तर : आधी साधं गणित करू. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन छोट्या सुट्यांची २० वजा केली की उरतात ४३०. म्हणजे पहिल्याला नगामागे सुमारे १ मिनिट ४७ सेकंद लागतात, दुसऱ्याला २ मिनिटं ५२ सेकंद. फरक ६५ सेकंदांचा. हे ६५ सेकंद जातात कुठे, एवढाच तुमचा प्रश्न आहे. माणूस बदलण्याचा विषय त्यानंतरचा.

मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्या आणि दुसऱ्या ऑपरेटरजवळ उभे राहा. काय मोजताय आणि कशासाठी, ते त्याला आधी सांगा. चोरून मोजलेली वेळ दोघांच्याही उपयोगाची नसते. सलग वीस नगांची वेळ एकाखाली एक लिहा. बेरीज-भागाकार लगेच करू नका, नुसत्या आकड्यांकडे बघा. विसाच्या वीस नगांना पावणेतीन-तीन मिनिटं लागत असतील तर दोष पद्धतीत, हत्यारात किंवा मशिनमध्ये आहे. पण पंधरा नग पावणेदोन मिनिटांत उरकले आणि उरलेल्या पाचांना सहा-सहा मिनिटं लागली, तर तो माणूस मुळीच संथ नाही. त्याचं काम कोणीतरी अडवतंय. क्रेट संपला आणि नवा यायला वेळ लागला, गेज (माप तपासायचं साधन) दुसऱ्या टेबलावर होतं, बिट धार लावायला गेलं. सरासरी काढली की या दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्याच दिसतात, म्हणूनच महिनाअखेरच्या तक्त्यावरून निदान करणं धोक्याचं.

आकडे सगळेच संथ निघाले तर पुढची चाचणी फुकटातली आहे : अर्ध्या पाळीपुरती दोघांच्या मशिनची अदलाबदल करा. संथपणा माणसाबरोबर गेला की मशिनजवळच राहिला, ते चार तासांत कळतं.

मशिनजवळ राहिला, तर आधी वेग बघा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटनं माइल्ड स्टीलला भोक पाडताना मिनिटाला साधारण २५ मीटरचा कटिंग स्पीड धरतात. ८ मिलिमीटरच्या बिटला त्याचे सुमारे १००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे होतात. कोणीतरी मागं ४ मिलिमीटरच्या बिटसाठी पट्टा वरच्या पुलीवर चढवलेला असतो, तो तसाच राहतो. मग ८ चं बिट २००० नं फिरतं, टोक निळं पडतं, धार जाते, आणि ऑपरेटर नुसता हँडलवर जोर देत बसतो. जोर दिला की भोकाच्या खालच्या बाजूला मोठा बर (धातूची उठलेली धारदार कड) येतो, आणि तो काढायला नगामागे आणखी दहा-पंधरा सेकंद.

दुसरं, बिटची धार. नेहमीच्या बिटचा टोकाचा कोन ११८ अंश असतो आणि दोन्ही ओठ, म्हणजे कापणाऱ्या कडा, सारख्या लांबीचे लागतात. हातानं धार लावताना एक ओठ लांब राहिला की भोक बिटच्या मापापेक्षा मोठं पडतं. ओळखायची खूण सोपी आहे : दोन्ही खाचांमधून सारखा कीस निघाला पाहिजे. एकीकडून लांब वेटोळी आणि दुसरीकडून नुसता भुगा येत असेल तर ते बिट परत ग्राइंडरवर पाठवा. तुमच्या पाच-सात रिजेक्ट नगांमध्ये मोठी भोकं किती आणि जागा सोडून पडलेली किती, ते वेगळं काढा. मोठी असतील तर संशय बिटवर. सरकलेली असतील तर जिगवर (नग जागेवर धरणाऱ्या साच्यावर), कारण त्यातल्या लोकेटरच्या पिनखाली एक बारीक कीस अडकला तरी ब्रॅकेट तिरका बसतो. तिथं ब्रश ठेवा आणि प्रत्येक नगानंतर एकदा झाडायचं हा कामाचाच भाग धरा. ‘वेळ मिळाला तर’ या सदरात तो ढकलू नका. (हातमोजे घालून ड्रिल चालवत असेल तर आजच थांबवा. फिरतं बिट मोज्याला पकडतं आणि मग हात सोडवता येत नाही.)

संथपणा माणसाबरोबर गेला तर मात्र दोघांच्या हालचाली शेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा फरक भोक पाडण्यात नसतोच, तो नग उचलण्या-ठेवण्यात असतो. एकाचा कच्चा माल डावीकडे कमरेच्या उंचीवर आणि तयार माल उजवीकडे असतो, दुसऱ्याचे दोन्ही क्रेट जमिनीवर. १५० नग म्हणजे ३०० वेळा वाकणं. एक जण क्लॅम्प अर्ध्या फेऱ्यात सोडतो, दुसरा पाना शोधून बोल्ट पूर्ण काढतो. हे दाखवून दिलं की बदलतं. एवढं करूनही तीन आठवड्यांत आकडा हलला नाही, तर त्याला दुसरं काम देऊन बघण्याचा विचार करा. क्रम हाच ठेवा.

प्रश्न : नव्या मुलाला पंधरा दिवस जुन्या ऑपरेटरजवळ उभं केलं, तरी एकट्यानं काम दिलं की चुकतो. विचारलं तर ‘समजलं’ म्हणतो.
— जोडणी विभागाचे प्रमुख

उत्तर : ‘समजलं का?’ हा प्रश्नच बाद करा. त्याला ‘हो’शिवाय उत्तर नसतं. जवळ उभं राहून बघणं हे शिकवणंही नव्हे, कारण जुन्या हाताला आपण नेमकं काय करतो ते स्वतःलाच माहीत नसतं; त्याच्या बोटांना माहीत असतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत लाखो नवे कामगार घ्यावे लागले, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाच्या कार्यक्रमात शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली. ती आजही तशीच चालते. पहिली पायरी, माणसाला निवांत करायचं आणि त्याला आधीपासून काय येतं ते काढून घ्यायचं. दुसरी, काम करून दाखवायचं : एकदा पायऱ्या सांगत, एकदा प्रत्येक पायरीतली मख्खी सांगत, एकदा त्यामागचं कारण सांगत. तिसरी, त्यानं करायचं; आधी मुकाट्यानं, मग तोंडानं पायरी, मख्खी आणि कारण बोलत. चौथी, एकट्यावर सोडायचं, पण अडलं तर कोणाला विचारायचं ते नेमून द्यायचं आणि फेऱ्या हळूहळू कमी करायच्या.

या सगळ्याआधी शिकवणाऱ्यानं कागदावर कामाची फोड करायची असते, आणि तीच लोक गाळतात. चार बोल्टचं झाकण टॉर्क रेंचनं (ठरलेल्या पिळाला, म्हणजे टॉर्कला, ‘टक’ करणाऱ्या पान्यानं) आवळायचं काम घेऊ. पायरी : चारही बोल्ट हातानं लावणं. मख्खी : दोन-तीन आटे बोटांनीच फिरले पाहिजेत. कारण : आटा तिरका धरला असेल तर तो इथंच कळतो, रेंच लावल्यावर कळत नाही, थेट आटा जातो. पायरी : आवळणं. मख्खी : समोरासमोरचे बोल्ट, आधी निम्म्या टॉर्कला, मग पूर्ण. कारण : एका बाजूनं सुरुवात केली की गॅस्केट एकीकडे दबतं आणि दुसरीकडून गळती होते. पायरी : रेंच ओढणं. मख्खी : मुठीच्या जागीच धरून एकसारखं ओढायचं, ‘टक’ झालं की थांबायचं, खात्रीसाठी पुन्हा ओढायचं नाही. कारण : दुसऱ्या ओढीत बोल्ट ठरलेल्या टॉर्कच्या पुढं जातो. शेवटी, काम संपल्यावर रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दबून माप बिघडतं.

तुमच्या मुलाला विचारून बघा, ‘दुसऱ्यांदा का ओढायचं नाही?’ उत्तर आलं नाही तर पंधरा दिवस कुठं गेले ते कळेल. आणि शिकवताना त्याच्या समोर उभं राहू नका, शेजारी राहा; समोरून बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं.

नव्याचा वेग किती वाढावा, हेही तुम्ही पुढे विचारलं आहे. विमानबांधणीच्या आकडेवारीवरून टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये मांडलेला हिशेब असा होता की एकूण नग दुप्पट झाले की नगामागची सरासरी मेहनत आधीच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. म्हणजे पहिल्या नगाला १०० मिनिटं धरली तर दोन नगांची सरासरी ८०, चारांची ६४, आठांची साधारण ५१. तुमच्या कामाचा टक्का वेगळा असेल, पण वळण असंच असतं : सुरुवातीला झपाट्यानं, पुढं हळूहळू. मात्र एक अट आहे, काम तेच राहिलं पाहिजे. तुम्ही त्याला सोमवारी झाकणावर, मंगळवारी पॅकिंगवर आणि बुधवारी कोणी आलं नाही म्हणून तिसरीकडे लावत असाल, तर तो कायम पहिल्या-दुसऱ्या नगावरच राहील. ‘सगळं आलं पाहिजे’ हे धोरण चांगलं, पण एक काम बसल्यावर दुसरं द्यायचं असतं.

प्रश्न : सोळा वर्षं उत्तम काम करणारी आमची एक तपासनीस गेल्या वर्षापासून दोष सोडून देते. वय ४६. कंटाळली असेल का?
— शिलाई युनिटच्या व्यवस्थापिका

उत्तर : आधी तिला दोऱ्याचं बारीक अक्षरांचं लेबल हातात द्या आणि वाचायला सांगा. ते हात लांब करून वाचलं, तर तुमचा प्रश्न तिथंच सुटला. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसू लागतं, ते इतकं सावकाश होतं की माणसाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. आसामच्या चहामळ्यांत चाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या ७५१ कामगारांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना जवळचा साधा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना नंतर. लगेच मिळालेल्यांची पानं खुडण्याची कामगिरी बाकीच्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. चष्म्याइतका स्वस्त उपाय या सदरात क्वचितच सुचवता येतो.

चष्मा कामाच्या अंतराचा करून घ्या. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरला धरून देतात. तिचं कापड ६० वर असेल तर तोच चष्मा उलट त्रास देईल. जाताना टेपनं डोळ्यापासून कापडापर्यंतचं अंतर मोजून तो आकडा चिठ्ठीवर लिहून द्या.

प्रकाशाचंही बघा. मध्यम बारकाईच्या कामाला सुमारे ३०० लक्स (उजेडाचं माप), बारीक कामाला ५००, त्याहून नाजूक तपासणीला ७५० च्या पुढे असे आकडे धरतात. पण नुसता जास्त दिवा म्हणजे चांगला दिवा नव्हे. कापडावरची ओढलेली शिवण किंवा पत्र्यावरचा ओरखडा वरून पडणाऱ्या सरळ उजेडात पुसून जातो. बाजूनं तिरपा उजेड टाकला की सावली पडून तो उठून दिसतो. गडद कापडावर गडद दोरा असेल तेव्हा हे विशेष जाणवतं.

प्रश्न : पीसरेट (नगामागे मजुरी) लावल्यावर नग वाढले. पण महिन्याभरात सगळे जण जवळपास एकाच आकड्यावर येऊन थांबले आहेत. आळस की संगनमत?
— छोट्या कारखान्याचा मालक

उत्तर : हिशेब. अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका गटाचं महिनोन्‌महिने निरीक्षण झालं. जास्त काम केलं तर गटाचे पैसे वाढणार होते, तरी गटानं दिवसाचा आपला आकडा ठरवून ठेवला होता. त्यापुढं जाणाऱ्याला टोमणे बसत, दंडावर गुद्दाही बसे. मागं राहणाऱ्यालाही सोडत नसत. आकडा वाढवला तर उद्या दर कापतील किंवा कोणाची तरी जागा जाईल, ही अशा ठिकाणची जुनी भीती.

तुम्ही दर कधी कापला आहे का? एकदाही कापला असेल तर कामगार ते विसरलेले नाहीत. दर बदलायचा तो मशिन, जिग किंवा पद्धत बदलली तरच, आणि बदलाआधी लिहून कळवून. ‘तुम्ही फार कमावू लागलात’ हे कारण चालत नाही. नुसता तोंडी शब्दही पुरत नाही. दराचा कागद तारखेसह भिंतीवर लागू द्या.

दुसरी गोष्ट थांबून राहिलेल्या वेळेची. मशिन बंद पडलं किंवा माल आला नाही तर त्या वेळेचे पैसे त्या माणसाच्या मागच्या काही आठवड्यांच्या ताशी सरासरीनं द्या. नाहीतर तुमच्या चुकीचा दंड तो भरतो, आणि मग तो बिघडलेलं मशिनही न सांगता रेटत राहतो, कारण थांबलं की कमाई थांबते. तुमचं बेअरिंग जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

तिसरी, रिजेक्टची. दर चांगल्या नगालाच द्या, पण मागच्या टेबलावरून वाकडा आलेला पत्रा पुढच्याच्या नावावर टाकू नका. चौथी, फारशी कोणाच्या ध्यानात न येणारी : प्रत्येकाला वेगळा पीसरेट लावला की जुना माणूस नव्याला शिकवायचं बंद करतो. शिकवण्यात गेलेल्या तासाचे पैसे त्याला वेगळे लावा. जिथं एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे तिथं तर एकेकट्याला पीसरेट लावूच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मोठी ऑर्डर आहे. दोन महिने रोज बारा तास चालवलं तर उत्पादन दीडपट होईल का?
— प्लॅनिंग पाहणारा अधिकारी

उत्तर : नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांत कामगारांचे तास आणि उत्पादन यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्या नोंदींचं पुन्हा केलेलं विश्लेषण २०१४ मध्ये आलं. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तासाच्या प्रमाणात उत्पादन वाढत होतं. त्यापुढं प्रत्येक जादा तासाचं फळ घटत गेलं. ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं नव्हतं. रोज बारा तास आणि सहा दिवस म्हणजे ७२. तुम्ही वीज, पगार आणि रिजेक्शन ७२ तासांचं भराल, माल मिळेल साठाच्या आतबाहेरचा.

अगदीच वाढवायचं असेल तर एक आठवडा वाढवा, दुसऱ्या आठवड्यात पूर्ववत करा. साप्ताहिक सुट्टी खाऊ नका. दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबवा. थकल्यावर दिलेल्या लांब सुट्टीपेक्षा थकण्याआधी दिलेली छोटी जास्त कामाची. रात्रपाळी असेल तर पहाटे ३ ते ५ या वेळेत शेवटची तपासणी, डाय (मशिनचा साचा) बदलणं, फोर्कलिफ्ट अशी कामं ठेवू नका. त्या दोन तासांत शरीर झोपेकडे ओढत असतं, माणूस कितीही प्रामाणिक असला तरी.

प्रश्न : दुपारनंतर पाठ आणि मान भरून येते, हात मंद पडतो. टेबल सगळ्यांना सारखंच आहे, उंच मुलांना काही होत नाही.
— पॅकिंगमधली कामगार

उत्तर : टेबल सारखं असणं हाच दोष आहे. उभ्या उभ्या हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजून घ्या. हलकं काम, म्हणजे पॅकिंग किंवा जोडणी, कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर खाली असावं. बारीक बघायचं काम कोपराच्या तेवढंच वर. जोर लावायचं काम १५ ते ४० सेंटिमीटर खाली. मोजायचं ते टेबलाच्या फळीपर्यंत नाही, हात जिथं काम करतात तिथपर्यंत. तुमच्या टेबलावर २० सेंटिमीटरचं खोकं ठेवलं की काम २० सेंटिमीटरनं वर जातं, खांदे उचलले जातात आणि मान भरते. टेबल कापता येत नसेल तर पायाखाली लाकडी फळ्यांचा पाट मागा, पण पाय मागं-पुढं टाकता येईल इतका रुंद. उंच माणसासाठी टेबलाच्या पायांखाली ठोकळे.

वजनाचंही एक माप लक्षात ठेवा. उचलण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित अमेरिकी सूत्रात सगळं अनुकूल असताना २३ किलो ही मर्यादा धरली आहे. त्यात ओझ्याचा मध्य घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर असल्याचं गृहीत आहे. तेच ओझं ५० सेंटिमीटर लांब धरलं की मर्यादा थेट निम्मी, साडेअकरा किलो. जमिनीवरून उचलणं, कंबर वळवणं, वारंवार उचलणं यांनी ती आणखी घटते. खोकं हलकं करता आलं नाही तर निदान टेबलाच्या जवळच्या कडेला ओढून मग उचला.

प्रश्न : एक छोटी स्प्रिंग बसवायची राहून जाते. दंड केला, पाट्या लावल्या, काही फरक नाही.
— लाइन इनचार्ज

उत्तर : पाटी आठ दिवसांत भिंतीच्या रंगाची होते. १९६१ मध्ये जपानमधल्या एका कारखान्यात नेमकं हेच होत होतं : छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा घालायच्या, आणि अधूनमधून एक राहायची. शिगेओ शिंगो यांनी सुचवलेला उपाय असा होता की काम सुरू करण्याआधी दोन स्प्रिंगा मोठ्या डब्यातून काढून एका छोट्या बशीत ठेवायच्या, मग बशीतूनच घालायच्या. स्विच पुरा झाला आणि बशीत स्प्रिंग उरली, तर चूक समोरच दिसते.

हे तुम्हाला आज दुपारपासून करता येईल. भाग जास्त असतील तर प्रत्येक नगाचा संच आधीच खणाखणांच्या ट्रेमध्ये भरून द्या; रिकामा न झालेला खण म्हणजे अपुरं काम. मात्र ट्रे भरणारा वेगळा माणूस ठेवा, नाहीतर एकच विसर दोन ठिकाणी होतो. दंडानं काय झालं ते पाहा : स्प्रिंग राहिल्याचं लक्षात आलं तरी माणूस आता सांगणार नाही.

प्रश्न : भट्टीजवळ घेतलेले नवे लोक दोन-तीन दिवसांत सोडून जातात. जुने म्हणतात, ‘नाजूक आहेत’.
— फाउंड्रीचा पर्यवेक्षक

उत्तर : शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. नव्याला पहिल्या दिवशी उष्ण जागी पाळीच्या २० टक्केच वेळ द्या आणि रोज जास्तीत जास्त २० टक्क्यांनी वाढवा. पाचव्या दिवशी पूर्ण पाळी. उरलेला वेळ त्याच खात्यातलं थंड जागेचं काम द्यावं. आठवडाभर रजेवर गेलेला जुना माणूसही परतल्यावर पहिल्या दिवशी निम्म्यावर घ्या. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी सुमारे पाव लिटर, आणि ते हाताशी हवं. पिंप पन्नास पावलांवर असेल तर कोणी जात नाही.

आवाजाचं तुम्ही विचारलेलं नाही, पण फाउंड्री आहे म्हणून सांगतो. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजा. आठ तासांना ८५ ची मर्यादा धरली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. तिथं दिलेली तोंडी सूचना अर्धीच पोचते, म्हणून ती पाळली गेली नाही असं वाटतं.

प्रश्न : बिट बोथट आहे, गेज मिळत नाही असं सांगितलं की साहेब म्हणतात, बहाणे सांगू नकोस. काय करावं?
— मशिन ऑपरेटर

उत्तर : सांगू नका, लिहून द्या. खिशात मावेल एवढी वही ठेवा. ओळीत तीनच गोष्टी : वेळ, काय अडलं, किती मिनिटं गेली. कोणाचं नाव नको, ‘नेहमीच असं होतं’ नको. म्हणजे असं :

९:१० – रिकामा क्रेट नव्हता – ८ मिनिटं.
१०:२५ – बिट धार लावायला – १४ मिनिटं.
१२:०५ – प्लग गेज दुसऱ्या मशिनवर – ६ मिनिटं.
३:४० – बिट पुन्हा – १५ मिनिटं.

सलग तीन दिवस लिहा आणि चौथ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी साहेबांना एकट्यात दाखवा. वरच्या चार ओळींची बेरीज ४३ मिनिटं होते, ४३० मिनिटांच्या पाळीचा बरोबर दहावा भाग. सोबत मागणी एकच न्या : धार लावलेलं दुसरं बिट सकाळी मशिनजवळ तयार असावं. चारांपैकी दोन ओळी तेवढ्यानं जातात. गेजचं पुढच्या आठवड्यात मागा.